ती पाच पुस्तकं पुन्हा वाचली

दिवाळीपासून रोज रात्री थोडं थोडं करून मी 2022 च्या जेसीबी साहित्य पुरस्काराच्या अंतिम यादीतल्या पाचही कादंबऱ्या पुन्हा वाचल्या. काल शेवटची संपली. समोरच्या खोलीत कापूस छतापर्यंत आलाय, भाव बरा मिळेल म्हणून विकायचा थांबलोय, त्यामुळे सगळं वाचन स्वयंपाकघरातच झालं. पुस्तक झटकलं तरी पानांच्या बेचक्यातून कापसाचे तंतू निघतात.

आमच्याकडे जेसीबी म्हटलं की नाला खोलीकरण नाहीतर शेततळं. ते मशीन बनवणाऱ्या कंपनीनेच 2018 मध्ये हा पुरस्कार सुरू केला. लेखकाला 25 लाख मिळायचे, आणि पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाला वेगळे 10 लाख. 2022 च्या यादीत पाचच्या पाच पुस्तकं अनुवादित होती. उर्दू, हिंदी, बंगाली, मल्याळम आणि नेपाळी. मूळ इंग्रजीत लिहिलेलं एकही नव्हतं. तेव्हा मला फार आनंद झाला होता आणि त्याच दिवशी एक गोष्ट खुपलीही होती. त्या पाचांत मराठी नव्हती. गावातलं ड वर्गाचं, म्हणजे अगदी लहानसं, वाचनालय मी सांभाळते. पुण्यात शिकणाऱ्या भाच्याकडून चार इंग्रजी पुस्तकं मागवली आणि ‘रेत समाधि’ मूळ हिंदीतून घेतलं. आपण विदर्भातली माणसं, हिंदी आपल्याला परकी नाही. 1956 पर्यंत नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्याची ही देणगीच म्हणायची. इंग्रजी मात्र मी शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचते.

गीतांजली श्रींच्या ‘रेत समाधि’बद्दल इतकं लिहून आलंय की मी थोडक्यात सांगते. त्याच वर्षी मे महिन्यात डेझी रॉकवेल यांच्या अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं होतं आणि पहिल्या वाचनात माझंही मत त्याच पुस्तकाला होतं. नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहणारी ऐंशी वर्षांची आई आजही तेवढीच थोर वाटली. पण मधली काही पानं या खेपेला मला शब्दांच्या हौसेपायी लांबलेली वाटली. आधी तिथे मी दिपून गेले होते.

पुरस्कार मिळाला तो खालिद जावेद यांच्या ‘नेमतखाना’ला, अनुवाद बाराँ फारूकी यांचा. हा पुरस्कार मिळालेलं हे पहिलंच उर्दू पुस्तक. नेमतखाना म्हणजे अन्न ठेवायचं जाळीचं कपाट. पहिल्या वेळी मी ते अर्ध्यात सोडलं होतं, खरं सांगते, मळमळायला लागलं होतं. एकत्र कुटुंब, स्वयंपाकघर, आणि विशिष्ट पदार्थ शिजला की काहीतरी वाईट घडणार हे आधीच कळणारा गुड्डू मियाँ. आता चुलीशेजारी बसून वाचलं तर कळायला लागलं. आमच्याकडे लग्नातही आलू-वांग्याची भाजी असते आणि तेरवीलाही तीच. त्या भाजीचा वास आला की माझ्या पोटात आधी धस्स होतं, मग मंडप कशाचा ते बघते. परीक्षकांनी त्याला पहिलं का ठरवलं असेल ते आता पटतं. तरी पुन्हा तिसऱ्यांदा मी ते हातात घेईन असं वाटत नाही.

मनोरंजन व्यापारी यांची ‘इमान’ मी वेचणीच्या बाया जेवायला बसल्या तेव्हा तोंडी सांगितली. आईच्या कडेवर तुरुंगात गेलेलं तान्हं पोर. आईवर नवऱ्याच्या खुनाचा आरोप. ती आतच मरते, पोरगा आतच वाढतो. पुढे मोठा होऊन सुटतो आणि जादवपूर स्टेशनाशेजारी भंगार-कचरा वेचणाऱ्यांत राहायला लागतो. बाहेरच्या जगात त्याचा जीव लागत नाही, त्याला पुन्हा तुरुंगात जावंसं वाटतं. हे ऐकून आमच्याकडे वीस वर्षं कापूस वेचायला येणारी मावशी म्हणाली, “त्याले भायेर कोनं जेव म्हनलं नसन वं, म्हून जेलाची याद येते त्याले.” एवढं बोलून तिने अर्धी भाकर फडक्यात बांधून ठेवली, नातवासाठी. व्यापारी स्वतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित दलित कुटुंबातले. तुरुंगात अक्षरं शिकले, मग रिक्षा ओढायचे. एकदा रिक्षात बसलेल्या बाईंना त्यांनी ‘जिजीविषा’ या शब्दाचा अर्थ विचारला आणि त्या निघाल्या बंगालीतल्या थोर लेखिका महाश्वेता देवी. काही वर्षं ते दंडकारण्यातही राहिले. आपल्या गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शीकडे बंगाली निर्वासितांची गावंच्या गावं आहेत. तिथल्या एखाद्या पोराच्या हाती हे पुस्तक पडलं असेल का, असं वाचताना सारखं वाटायचं.

आता ‘वल्ली’. शीला टोमी यांची मल्याळम कादंबरी, जयश्री कळत्तिल यांनी इंग्रजीत आणलेली. वायनाडचं जंगल, बाहेरून येऊन वसलेले लोक, शाळामास्तर नवराबायको आणि जमिनीवरून उठवलेले आदिवासी. आपल्याकडे वल्ली म्हणजे वेल, नाहीतर एखादा अवलिया माणूस. मल्याळममध्ये वेल, माती, तरुणी हे अर्थ आहेतच, शिवाय मजुरी हाही अर्थ आहे. वेठीच्या मजुराला मोजून दिलेलं धान, ती वल्ली. या अर्थापाशी मी पुस्तक मिटून बसले. माझे आजोबा सालदार होते. पाडव्याला साल ठरायचं, रोख थोडी, बाकी ज्वारी. आजी सांगायची, “मालकाच्या घरी देयाची पायली येगळी न् घेयाची येगळी.” देतानाची पायली आतून ठोकून उथळ केलेली असायची. आजीने बोट आत घालून बघितलं होतं, दुसऱ्या पेरापर्यंतच गेलं म्हणायची. आपल्या घरच्या पायलीत बोट सबंध जायचं. ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली असेन आणि कधी कुणाला सांगितली नाही. ती वायनाडच्या कादंबरीने बाहेर काढली.

पण पाचांतलं माझं पुस्तक म्हणाल तर चुडेन काबिमो यांचं ‘फातसुङ’. अजित बराल यांनी इंग्रजीत आणलेलं, यादीतलं अगदी लहानसं पुस्तक. पहिल्यांदा मी ते दोन रात्रींत संपवून बाजूला ठेवलं होतं आणि आज त्याचंच वाईट वाटतंय. दरड कोसळून बालमित्र जातो, निवेदक त्याच्या गावी पोचतो आणि मित्राच्या बापाची गोष्ट उलगडत जाते. 1986 चं गोरखालँड आंदोलन, दार्जिलिंगच्या डोंगरात पेटलेलं. वेगळ्या राज्यासाठी शाळा सोडून निघालेली पोरं, ज्यांना राज्य म्हणजे नेमकं काय मिळणार तेही धड ठाऊक नव्हतं. 1988 मध्ये करार झाला, राज्याऐवजी पर्वतीय परिषद मिळाली. नेते खुर्चीवर बसले. पोरं आपापल्या गावी परत गेली, जी जिवंत होती ती. लेखक लेपचा, लिहितो नेपाळीत, पण पुस्तकाला नाव लेपचा भाषेतलं दिलं. फातसुङ म्हणजे मातीची कहाणी.

हे वाचून मी बाबांना विचारलं. आपल्या वेगळ्या राज्याची मागणी तर त्याहून जुनी. राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने 1955 मध्येच वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. अकोल्याला कृषी विद्यापीठ व्हावं म्हणून विदर्भवादी नेते जांबुवंतराव धोटेंचं आंदोलन पेटलं तेव्हा बाबा सतरा वर्षांचे. एसटी अडवायला गेले, एक रात्र तालुक्याच्या कोठडीत काढली. “खाले मुरमुरे देल्ले होते एकानं, कोन होता आठवत नाई,” म्हणाले. पंचेचाळीस वर्षं मी त्यांची मुलगी आहे आणि हे मला पहिल्यांदा कळलं. या मागणीवर, त्या पोरांवर, त्या रात्रींवर मी आजवर एकही कादंबरी वाचलेली नाही. उसावर, मुंबईवर, पुण्याच्या वाड्यांवर कितीतरी वाचल्यात.

आणि मला आज मुख्य बोलायचंय ते हे. या यादीतल्या बाकी चार पुस्तकांमागे नावाजलेल्या प्रकाशनसंस्था होत्या. ‘फातसुङ’चा इंग्रजी अनुवाद काढला गंगटोकच्या रचना बुक्सने. ते मुळात पुस्तकांचं दुकान! आमच्या नागपूर-अमरावतीत एवढं मोठं दुकान नाही का? आहे. वऱ्हाडीत जिवंत बोलणारी कादंबरी नाही का? उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 ची. ती इंग्रजीत यायला सहा दशकांच्या आसपास गेली, शांता गोखले यांनी आणली तेव्हा शेळके हयात नव्हते. तिची नायिका कौतिक यादीतल्या कुठल्याही बाईपेक्षा कणभर उणी नाही, हे मी पाचही पुस्तकं वाचून म्हणतेय. मराठी यादीत का नाही म्हणून परीक्षकांवर रागावण्यात अर्थ नाही, त्यांच्यासमोर जे गेलं त्यातूनच ते निवडणार. राग मला आपला येतो. विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे आपले इतके लोक आहेत, एकेकाने वऱ्हाडी किंवा पूर्व विदर्भाच्या झाडीबोलीतलं एकेक पुस्तक अंगावर घेतलं तर? माझ्या ओळखीच्या दोघांना मी हे तोंडावर विचारलंय. एकाने हो म्हटलंय. इथे वाचत असशील तर दादा, मी विसरलेली नाही.

बाबांना इंग्रजी येत नाही. म्हणून संध्याकाळी ‘फातसुङ’ समोर धरून मी त्यांना आपल्या बोलीत सांगत वाचते. काल दहा पानं झाली. पोरं जंगलात लपतात तिथे त्यांनी हात वर करून थांबवलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “पाऊस होता का तवा?” मी मागचं पान उलटून बघायला लागले.