हिंगोलीचे धक्के आणि ग्रोनिंगेनचा वायू : एक खुलासा

वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीखालून गूढ आवाज येतात, पत्रे थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात. नेदरलँड्सप्रमाणे येथेही वायूसाठी केलेल्या ड्रिलिंगमुळेच हे घडते आणि कंपनीने भरपाई द्यावी, असा संदेश सध्या मोबाइलवर फिरत आहे. त्यातील नेदरलँड्सचा भाग खरा असला, तरी मराठवाड्याचा खरा नाही.

नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन प्रांतात 1963 पासून सुमारे 3 किलोमीटर खोलीवरील वाळूच्या खडकातून वायू काढला गेला. दाब घटल्याने तो थर आवळत गेला, जुने भ्रंश, म्हणजे खडकांतील मोठ्या भेगा, सरकले आणि 16 ऑगस्ट 2012 रोजी हुइझिंगे येथे 3.6 तीव्रतेचा धक्का बसला. आकडा लहान वाटतो, पण उगम उथळ असल्याने हजारो घरांना तडे गेले. तेथील कायद्यानुसार अशा नुकसानीचे कारण वायूउत्खननच आहे असे गृहीत धरले जाते, आणि तसे नसल्याचे सिद्ध करणे हे शेल व एक्सॉनमोबिल यांच्या संयुक्त कंपनीवर येते. उत्पादन ऑक्टोबर 2023 मध्ये थांबले.

मराठवाड्यात नैसर्गिक वायूचे उत्पादन करणारे क्षेत्रच नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर तेथे खोल विवर खोदले गेले, हे खरे. परंतु ते संशोधनासाठी होते आणि भूकंपानंतरचे होते. संदेशात हा क्रम, नकळत म्हणा वा सोयीने, उलटा झाला आहे. 21 मार्च 2024 चा 4.5 तीव्रतेचा हिंगोलीचा धक्काही वायूउत्खननाच्या खात्यावर मांडता येत नाही.