येणार असेल तर वाट पाहू

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर गहिवराला पूर आला. पोस्टमनची सायकल, आंतरदेशीय पत्र, मामाची मनीऑर्डर. मग गाडी दहा मिनिटांत दारात येणाऱ्या किराण्यावर घसरली. आजच्या पोरांना वाट पाहण्यातली मजाच ठाऊक नाही म्हणे. लिहिणारे बहुतेक पुण्या-नागपुरातले, आणि लिहून झालं की त्याच दहा मिनिटांत कोथिंबीर मागवणारे. (मागवू देत, माझी ना नाही.)

मी राहतो जर्मनीत. इथे रविवारी दुकानं बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला थेट घटनेचं संरक्षण आहे. शनिवारी रात्री दूध संपलं की सोमवारपर्यंत कोरा चहा. २०२५ पासून टपालाचा कायदाही सैल झाला. पूर्वी बहुतेक पत्रं दुसऱ्याच दिवशी पोचवायचं बंधन होतं, आता तिसरा-चौथा दिवस चालतो. उन्हाळ्याच्या तोंडावर श्पार्गेल नावाची पांढरी, शतावरीच्या कुळातली भाजी येते. लोक ती रोज खातात, आणि २४ जूनला तोडणी थांबते, म्हणजे झाडाला पुढच्या वर्षासाठी जोर धरता येतो. मग वर्षभर कोणी कुरकुरत नाही.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला पितरांना रस दाखवल्याशिवाय आंबा तोंडात घालायचा नाही, हे त्यातलंच. पिकायला घातलेल्या आंब्यांच्या माचाचा वास घरभर सुटलेला असायचा आणि आई त्या खोलीची कडी लावून घ्यायची. पण तिथी कॅलेंडरवर छापलेली होती, म्हणून ते थांबणं गोड लागायचं.

आमच्या शकुंतला रेल्वेला तिथीही नव्हती. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज मुळात वऱ्हाडातला कापूस वाहायला टाकलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचंच इंजिन होतं. दारव्ह्याच्या फलाटावर कोणी विचारलं, आली का, की उत्तर ठरलेलं, "येते ना बाप्पा, तुले कायची घाई हाये?" तोवर कोणाची तरी शिदोरी सुटायची, भाकर-ठेचा चार हातांत फिरायचा. कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, कोणाच्या बैलाचं खूर सुजलं, हे गाडी येईस्तोवर अख्ख्या फलाटाला पाठ. उशिराची कोणाला लाज नव्हती, कारण ती यायची. आता कित्येक वर्षं ती येतच नाही.

म्हणून 'सगळं झटपट झालं' हे वाक्य मला गावाच्या शिवेवर अडखळलेलं दिसतं. फोन आला, त्यामुळे सगळं दिसतं मात्र झटपट. पुतण्या मुंबईतल्या बुटांचा रील बघतो. ते बूट मागवले तर आणायला तालुक्याला जावं लागतं, कुरिअरवाला गावात शिरत नाही.

कापसाचंही तेच. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. सरकारी खरेदीची नोंदणी मोबाइलवर, पाच मिनिटांचं काम. त्यानंतर नंबर कधी लागेल त्याची वाट. बोंड ओलं राहिलं आणि ओलावा १२ टक्क्यांवर गेला की गाडी परत. तोवर कापूस घरात. दादाच्या समोरच्या खोलीत तो आढ्याला टेकला होता, पोरं खाजवून खाजवून ओसरीवर झोपायला गेली. मी फोनवर विचारलं, "दादा, लागला का नंबर?" म्हणाला, "मेसेज येईन म्हणते." दारात व्यापारी उभा, भाव कमी पण पैसे आजच्या आज. ज्याला सोसायटीचं कर्ज आणि दुकानदाराची उधारी चुकवायची आहे त्यानं या वाट पाहण्यातली मजा कशी घ्यावी, हे ग्रुपवरच्या मंडळींनी सांगावं.

जर्मनीतला सोमवार मी मजेत काढतो त्यात माझा काही मोठेपणा नाही. दुकान सकाळी उघडणार हे मला माहीत असतं, आणि उपाशीही नसतो. शहरातल्या मित्रांचंही तसंच आहे. त्यांना थांबायचं असेल तर थांबता येतं, नको असेल तर बटण आहेच. अशा माणसानं रविवारभर मोबाइल बाजूला ठेवला तर बरंच वाटेल, ठेवावा. पण गावातल्यांनी मोबाइल का बघावा यावर प्रवचन देऊ नये.

शकुंतला पुन्हा सुरू व्हावी म्हणून अचलपुरात सत्याग्रह झाला. तिथल्या कोणी वाफेचं इंजिन परत मागितलेलं नाही, भाकर-ठेच्याच्या आठवणीही नाहीत. मागणी ब्रॉडगेजची आहे.