गॅस गीझरची ‘पाच मिनिटांतली घरगुती दुरुस्ती’: एक प्रतिवाद

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: गॅस गीझर बंद पडला तर मेकॅनिकला पाचशे रुपये देऊ नका. सेल बदला, तरीही पेटला नाही तर मोठ्या प्रेशरचा रेग्युलेटर लावा, पेटून विझत असेल तर सेन्सरच्या वायरी एकमेकींना जोडा, ज्योत पिवळी असली तरी चालते, गळती काडी पेटवून पाहा, कॉइलमधला, म्हणजे पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या नळीतला, क्षार संडास साफ करण्याच्या ॲसिडने काढा, आणि गॅसचा वास येत नसेल तर बाथरूममध्ये कसलाही धोका नाही.

यातला पहिला सल्ला बरोबर आहे, आणि त्याच्या आधारावर बाकीचे सगळे खपून जातात. म्हणून प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करणे मला आवश्यक वाटते. माझे म्हणणे इतकेच आहे की गीझरची पाण्याची आणि सेलची बाजू घरमालकाने जरूर हाताळावी. गॅसच्या आणि ज्योतीच्या बाजूला मात्र हात लावू नये.

सेलबद्दल प्रथम. बहुतेक गीझरमध्ये दीड व्होल्टचे दोन मोठे सेल असतात. ते उतरले की ठिणगीची टिकटिक मंदावते, किंवा ठिणगी पडूनही गॅसची सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी, झडप उघडी राहत नाही. दोन्ही सेल एकाच वेळी बदलावेत आणि डबीतल्या पट्ट्यांवर हिरवट थर आला असेल तर तो खरवडून काढावा. याला मेकॅनिक लागत नाही.

नवे सेल घालूनही गीझर पेटला नाही, तर गॅस कमी येतो असा निष्कर्ष हा मजकूर काढतो. इथेच त्याची वाट चुकते. नळ सोडल्यावर टिकटिक मुळीच ऐकू येत नसेल, तर दोष बहुधा पाण्याकडे असतो. गीझरच्या वॉटर व्हॉल्व्हमध्ये रबराचा एक पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम, असतो. वाहत्या पाण्याच्या दाबाने तो सरकतो, त्याच्यासोबत एक पिन पुढे ढकलली जाते आणि तीच मायक्रोस्विच, म्हणजे ठिणगी सुरू करणारे छोटे बटण, दाबते. दाब पुरेसा नसेल तर पिन हलत नाही आणि ठिणगी पडतच नाही. आपल्याकडे अनेक घरांत पाण्याची टाकी थेट बाथरूमच्या स्लॅबवर ठेवलेली असते. टाकीचा तळ दहा फुटांवर आणि गीझर पाच फुटांवर असेल तर पाण्याला जेमतेम दीड मीटरची उंची मिळते, आणि पुष्कळ गीझरांना पेटण्यासाठी याहून जास्त दाब लागतो. टाकी अर्ध्यावर आली की गीझर बंद आणि भरली की सुरू, असे होत असेल तर कारण दुसरीकडे शोधू नये.

दाब ठीक असेल, तर थंड पाणी आत येते त्या तोंडाशी असलेली जाळी काढून पाहावी. टाकीच्या तळाची बारीक वाळू, पांढऱ्या टेपचे तुकडे आणि बोअरच्या पाण्याच्या क्षाराचे खडे तिथे अडकलेले असतात. पाणी बंद करून ती जाळी जुन्या टूथब्रशने घासणे कोणालाही जमते. त्यानंतरही टिकटिक नसेल तर डायफ्रॅम फाटलेला असण्याची शक्यता मोठी. मेकॅनिकने तो बाहेर काढला की उजेडाकडे धरून पाहावा: मधल्या चकतीच्या कडेला केसाएवढी चीर दिसते आणि रबर तिथे कडक झालेले असते. सुटा भाग स्वस्त असतो, पण व्हॉल्व्ह पुन्हा बसवताना गॅसकडची पिन आणि तिचे सील नीट बसावे लागते. म्हणून मी हे काम घरमालकाच्या यादीत धरत नाही.

मोठ्या प्रेशरच्या रेग्युलेटरचा सल्ला याच गैरसमजातून येतो. घरगुती रेग्युलेटर साधारण 30 मिलिबार दाबाने गॅस सोडतो, आणि गीझरचा बर्नर, त्याची छिद्रे, हवेचे प्रमाण हे सगळे त्याच दाबासाठी आखलेले असते. दाब वाढवला की गॅसच्या मानाने हवा कमी पडते, ज्योत लांबते, कॉइलच्या पत्र्यांमध्ये काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. थंडीत एक गोष्ट मात्र खरी घडते. संपत आलेल्या सिलिंडरमध्ये द्रवाचे वायूत रूपांतर सावकाश होते आणि गीझरची मोठी मागणी पुरी होत नाही. त्यावर उपाय सिलिंडर बदलण्याचा आहे. तो गरम पाण्यात उभा करण्याची जी पद्धत काही घरांत आहे, ती ताबडतोब सोडावी.

‘सेन्सरच्या वायरी जोडा’ हा या मजकुरातला सर्वांत घातक भाग आहे, कारण त्यात दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत केलेली आहे. बर्नरवर वाकलेली धातूची कांडी ज्योत ओळखते. तिची वायर काढली तर ज्योत लागलीच नाही असे समजून सर्किट गॅस बंद करते, म्हणजे दुरुस्ती काहीच होत नाही. मेकॅनिकने तिच्यावरची काजळी पुसली की पुष्कळदा काम भागते. दुसरी वस्तू म्हणजे कॉइलवर बसवलेला दोन वायरींचा छोटा थर्मोस्टॅट. पाणी अतिगरम झाले की तो गॅस तोडतो. लोक जोडतात त्या वायरी याच्या, आणि गीझर सुरू होतो म्हणून सल्ला खरा वाटतो. पण त्यानंतर डायफ्रॅम अडकला, पाणी थांबले आणि ज्योत तशीच राहिली, तर कॉइलमधल्या पाण्याची वाफ होण्यापासून अडवणारे काहीही उरत नाही. थर्मोस्टॅट वारंवार तोडत असेल तर कॉइलमध्ये क्षार साचला आहे का आणि पाणी कमी वाहते का, हे तपासावे.

आता पिवळी ज्योत आणि वास. हे दोन मुद्दे मजकुरात दूरदूर आहेत, पण माणसे दगावतात ती यांच्यामुळे. एलपीजी पूर्ण जळण्यासाठी गॅसच्या पंचवीस ते तीस पट हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. पाच बाय सात फुटांचे, नऊ फूट उंच बाथरूम घेतले तर त्यात 315 घनफूट हवा असते, आणि वीस मिनिटांच्या आंघोळीत त्यातल्या सुमारे सव्वाशे घनफूट हवेतला ऑक्सिजन संपतो. थंडी म्हणून खिडकीला वर्तमानपत्र लावलेले आणि दाराखाली पोते सरकवलेले असेल तर नवी हवा येणार कुठून? ऑक्सिजन घटला की ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते, आणि दाराची कडी आतून लावलेली असते.

वास येत नाही म्हणजे धोका नाही, हे विधान म्हणूनच पूर्ण उलटे आहे. एलपीजीला येणारा वास त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो आणि तो गॅसबरोबर जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही. नुसता एक्झॉस्ट फॅन लावूनही भागत नाही. हवा आत यायला जागा नसेल तर पंखा धुराड्यातला जळका वायू उलट खोलीत ओढू शकतो. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत न्यावा, याला दुसरा पर्याय मी मानत नाही. कोणी आत बेशुद्ध सापडले तर आधी दार-खिडक्या उघडून त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणावे, गीझर बंद करावा आणि 108 ला फोन करावा.

काडी पेटवून गळती शोधण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले तरी भडका उडतो. साबणाचे पाणी रेग्युलेटरच्या आणि नळीच्या जोडांवर लावावे. बुडबुडे आले की सिलिंडरची झडप बंद करावी, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि घराबाहेर येऊन 1906 या गॅसगळतीच्या तातडीच्या क्रमांकावर कळवावे.

ॲसिडविषयी: संडासाच्या ॲसिडमधले हायड्रोक्लोरिक आम्ल क्षाराबरोबर तांब्याची कॉइल आणि पितळी जोडही खाते. जळगाव-भुसावळ भागात बोअरवर चालणाऱ्या गीझरची कॉइल क्षाराने भरतेच. ती सायट्रिक ॲसिडच्या, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या, कोमट द्रावणाने सोडवून घ्यावी.

राहता राहिले मेकॅनिकचे पाचशे रुपये. ते देताना त्याच्यासमोर गीझर पूर्ण पेटवून ज्योत निळी आहे का ते पाहावे, आणि थर्मोस्टॅटच्या वायरी थेट जोडलेल्या तर नाहीत ना, हे झाकण लावण्यापूर्वी दाखवायला सांगावे, कारण घाईच्या दिवसांत तोच जोड काही मेकॅनिकही देऊन जातात.