‘सिमेंट मारलं की गळती बंद’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया तिखट आहे, पण त्यातले प्रश्न खरे आहेत, म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कौलारू घराच्या गळतीवर आधी लिहिताना मी सिमेंट आणि डांबराला उगाच नावं ठेवली, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या तुमच्या घराच्या सगळ्या सांध्यांत गवंड्यानं सिमेंट भरलं आणि दोन पावसाळे थेंब पडला नाही, पाइपनं पाणी सोडून गळती शोधणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, टपकतं तिथलं कौल बदललं की झालं, आणि एवढं करण्यापेक्षा स्लॅब टाकून मोकळं व्हावं.

आधी टपकण्याचं बघू. कौलातून आत आलेलं पाणी लगेच खाली पडत नाही. ते कौलाच्या पोटाला चिकटून उतरतं, रिपेवर (कौलाखालच्या आडव्या पट्टीवर) येतं, तिथून वाशावर (उताराच्या तिरक्या लाकडावर) आणि वाशाच्या खालच्या अंगानं घरंगळत जातं. गाठ, खिळा किंवा तुळईचा सांधा आडवा आला की थेंब सुटतो. त्यामुळं पाणी शिरतं ती जागा टपक्याच्या वर असते, पुष्कळदा तीन-चार फूट वर, कधी शेजारच्या वाशावर. बादलीच्या बरोब्बर वरचं कौल बदलून काम होतं तेव्हा तो बहुतेक योगायोग असतो, किंवा वर चढलेल्या माणसानं आजूबाजूची सरकलेली कौलं जाता जाता नीट बसवलेली असतात.

शोधायची उत्तम वेळ म्हणजे भर पाऊस. माळ्यावर जाऊन बॅटरीचा उजेड वाशावर तिरका पाडा, ओली रेघ चकाकते. ती जिथं सुरू होते तिथं खडूनं खूण करा आणि पाऊस कधी सुरू झाला, थेंब कधी पडला, वारा कुठून होता हे लिहून ठेवा. निम्मं निदान या नोंदीतच होतं. वाऱ्याच्या झोताबरोबरच गळत असेल तर कौलांचे सांधे उघडे पडलेत, किंवा पाखं (छपराची उतरती बाजू) भिंतीला भिडतं तिथं फट आहे. वारा नसतानाही संततधारेत तासाभरानं गळू लागलं तर खोबणी शेवाळ-कचऱ्यानं भरल्यात, किंवा पन्हळ तुंबून काठावरून सांडतेय. सर आल्याबरोबर ठरावीक जागी धार लागली तर फुटलेलं नाहीतर निसटलेलं कौल. आणि पाऊस थांबून तीन-चार तास झाले तरी टपकत असेल तर कौलांचा नाद सोडा, भिंत पाणी प्यायली आहे.

पाऊस नसेल तेव्हाच पाइप. दोन माणसं लागतात, एक वर आणि एक आत. पाण्याला जोर नको, धार वरून खाली वाहील अशी सोडायची. खालून वर फवारा मारला तर चांगलं छप्परही गळतं. सुरुवात वळचणीपासून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून. तीनेक फुटांचा पट्टा दहा-पंधरा मिनिटं भिजवायचा, आत काही दिसलं नाही तरच वर सरकायचं. आढ्यापासून, म्हणजे वरच्या टोकापासून, सुरू केलं की सगळं पाखं एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही. रिकामटेकडेपणा म्हणा हवं तर, पण एका दुपारच्या कामानं पन्नास कौलांचा खर्च वाचतो.

आता सिमेंट. कौलाच्या छपराचं सगळं काम पाणी वाहतं ठेवण्यावर चालतं. मंगलोरी कौलाच्या कडेला खोबण असते ती यासाठीच : वाऱ्यानं थोडं पाणी सांध्यात घुसलं तर खोबणीतून खालच्या कौलाच्या पाठीवर यावं. तिथं सिमेंट भरलं की घुसलेल्या पाण्याची वाट बंद. पहिली दोन वर्षं पाणी घुसतच नाही, म्हणून तुमच्याकडं थेंब पडला नाही. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. सिमेंटला ती हालचाल सोसत नाही आणि केसाएवढी चीर पडते. चिरेतून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा नसल्यानं ते रिपेवर मुरतं. छपराला वाराही लागत नाही, लाकूड ओलंच राहतं, मग कुजतं, वाळवी धरतं. आणि एक कौल फुटलं तर बदलताना शेजारची चार फुटतात, कारण सगळी एकमेकांना चिकटलेली. डांबर उन्हाळ्यात पातळ होऊन ओघळतं, पुढं कडक होऊन तडकतं. सिलिकॉन धूळभरल्या, ओलसर मातीला धरतच नाही.

आढ्यावरच्या कोन्यांखाली (दोन पाख्यांचा सांधा झाकणाऱ्या कौलांखाली) मात्र मसाला लागतोच. नुसतं कडक सिमेंट न वापरता एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा करा. चुन्यामुळं तो थोडी हालचाल सोसतो.

तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ सहज आली आहे आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते : शेजाऱ्यानं भिंत वर चढवल्यापासून त्रास सुरू झाला. पेठांमध्ये घराला घर लागून, एकाचं आरसीसी झालं की दुसऱ्याचं कौलारू पाखं त्याच्या उंच भिंतीला टेकतं. गवंडी त्या कोपऱ्यात सिमेंटचा वाटा (तिरका थर) मारून मोकळा होतो. छप्पर हलतं, भिंत हलत नाही, वाटा एका बाजूनं सुटतो आणि भिंतीवरून उतरणारं सगळं पाणी त्या फटीत जातं. तिथं पत्र्याची पट्टीच हवी. कौलापासून सहा इंच वर भिंतीत इंचभर खोल खाच मारा. २४ गेजचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा काटकोनात वाकवून वरची कड खाचेत घाला आणि खालचा भाग निदान सहा इंच कौलावर येऊ द्या. तुकडे जोडताना वरचा खालच्यावर सहा इंच चढवा. खाच वरच्याच मसाल्यानं भरा. पत्रा फक्त भिंतीला पक्का करायचा, कौलाला किंवा वाशाला खिळा मारायचा नाही. छप्पर त्याच्याखाली मोकळं हललं पाहिजे. भिंत शेजाऱ्याची आहे, तेव्हा खाच मारण्याआधी चहाला बोलवा.

दोन पाखी मिळतात त्या पन्हळीचंही असंच. पत्रा दोन्हीकडं कौलाखाली निदान सहा इंच गेलेला, कडा अर्धा इंच उलट वळवलेल्या, मधे चार-पाच इंच वाट मोकळी. तिथं कौलं कापताना पडलेले तुकडे काढले नाहीत तर पहिल्याच पावसात पानं अडकतात.

कौल बदलताना बोटानं वाजवून घ्या. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर चीर आहे, दिसो न दिसो. जुनं कौल नमुन्याला बरोबर न्या. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत, आणि कारखान्याचं नाव बहुधा पाठीवर उमटवलेलं असतं. रिपा नव्यानं मारणार असाल तर अंतर कुणाला विचारू नका. दहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून एकदा ताणून, एकदा दाबून मोजा आणि मधलं अंतर धरा. उतार आडव्या दहा फुटांना निदान पाच फूट चढ एवढा हवा. त्याहून कमी असेल किंवा वासे मधे झोळ खाऊन बसले असतील, तर कौलं कितीही भारी आणा, सांध्यातून पाणी मागं येणारच.

स्लॅबबद्दल एवढंच : वासे-रिपांसह कौलांचं वजन चौरस मीटरला साधारण ६५-७० किलो, पाच इंची स्लॅबचं ३०० किलोच्या वर. मातीच्या जुन्या भिंतीवर तो टाकण्याआधी इंजिनिअरला भिंत आणि पाया दाखवा. स्लॅबही गळतो, शिवाय तो खालून कौलासारखा उचलून बघता येत नाही.

ऐन पावसात फुटलेलं कौल सापडलं तर शेवाळलेल्या छपरावर चढू नका. माळ्यावरून वरच्या ओळीतलं कौल हातानं थोडं उचला आणि आठ बाय चौदा इंचांचा पातळ ॲल्युमिनियमचा तुकडा चिरेवर असा सरकवा, की त्याची वरची कड त्या वरच्या कौलाखाली राहील. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली असेपर्यंत, म्हणजे पावसाचा जोर आहे तोवर, एवढं पुरतं, दिवाळीनंतर कौल बदला. तुमच्या घरी सिमेंट आधीच भरलंय, त्यामुळं कौल असं उचलणार नाही. यंदा फक्त भिंतीकडच्या दोन ओळी फोडून पत्रा बसवा आणि बाकीचं सिमेंट तडकेल तसं ओळीओळीनं काढत चला. भिंतीलगतच्या वाशाची टोकं तेवढी आत्ताच खिळ्यानं टोचून बघा; खिळा सहज आत गेला तर पत्रेवाल्याआधी सुताराला बोलवावं लागेल.