खुलासा : फिलिपिनो बायका ‘कमी पैसे पाठवतात’ या माझ्या पोस्टबद्दल

परदेशी राबणाऱ्या फिलिपिनो पुरुषांना घराची ओढ जास्त, म्हणून ते बायकांपेक्षा जास्त पैसे पाठवतात, असं मी परवा लिहिलं. पोस्ट बरीच फिरली. कारण मात्र मी चुकीचं दिलं होतं. फिलिपिन्सच्या सरकारी पाहणीत पुरुषांची रक्कम मोठी दिसते खरी, पण बऱ्याच बायका घरकामाला, पगारच तोकडा. उलट जहाजावरच्या खलाशांच्या (बहुतेक पुरुषच) करारात मूळ पगाराचे किमान ८०% घरी पाठवायची अटच असते. मी कलमाला माया समजलो! हाँगकाँगच्या सेंट्रल भागात रविवारी, आठवड्याच्या एकुलत्या सुट्टीत, पैसे पाठवायच्या खिडकीपुढे याच बायकांची रांग लागते. जुनी पोस्ट काढली आहे. तिचे स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका.