"ट्रॅक्टर कधी चालवलाय का?" या प्रश्नाला उत्तर

नमस्कार. छोट्या ट्रॅक्टरला वजन लावण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चार वाक्यं टाकलीत. टायरमध्ये पाणी भरायला सांगणं चूक, रिम गंजतात. लोडर (पुढे बसवलेलं माती-शेण उचलायचं बकेट) असेल तर वजन मागे लिंकेजवरच, म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या दांड्यांवरच हवं. रोटाव्हेटरला (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) वजन लागतच नाही. आणि चौथं, "लेखकमहाशयांनी ट्रॅक्टर कधी चालवलाय का?"

चौथ्यापासूनच सुरू करतो, कारण तुम्ही आलात ते बहुधा तेवढ्यासाठीच. 19 वर्षं मी या सीटवर बसतोय. चढावर नांगर अडकून ट्रॅक्टरचं तोंड उचललं की क्लच दाबायला किती वेळ मिळतो, हे मला वाचून कळलेलं नाही. पुढच्या बंपरवर वजनं चढली ती त्याच आठवड्यात.

चाक किती घसरतंय हेही मी अंदाजाने ठोकून देत नाही. टायरवर खडूची खूण करायची, नांगर जमिनीत ठेवून 10 फेरे मोजायचे, मग नांगर उचलून तेवढंच अंतर जायचं. ते साडेआठ फेऱ्यांत संपलं तर घसरण 15 टक्के. त्याहून कमी असेल तर वजन वाढवू नका. डिझेल जास्त जळतं आणि माती दबते. हे लेखात होतं. तुम्ही तो वाचलात का, असं मी विचारणार नाही. तशी भाषा मला जमत नाही.

पाण्याचं म्हणाल तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण 75 टक्केच भरायचं. मी नुसतं "टायर भरा" लिहिलं होतं. चूक मान्य, दुरुस्त केली आहे. गंजाचा बाऊ मात्र नको. रिम खाऊन टाकतं ते पाणी गोठू नये म्हणून घातलेलं कॅल्शियम क्लोराइड, तेही ट्यूब गळली की. उलट टायरमधलं वजन थेट जमिनीवर जातं, अ‍ॅक्सलला ते पेलावं लागत नाही. याबद्दल तुमच्याकडून एक अक्षर नाही!

लोडरचं ठीक आहे. मागे लटकवलेल्या वजनाने पुढच्या अ‍ॅक्सलवरचा भार हलका होतो, पाण्याने होत नाही. माझ्या लोडरमागेही ठोकळा असतोच. पण लेख लोडरवर नव्हता. रोटाव्हेटर ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, म्हणून ओढायला वजन लागत नाही, हे कुणाला सांगताय? तो उचलून वळताना तोंड हलकं होतं त्याचं काय?

आणि हो, ते "महाशय" नको. नावाने हाक मारा, नाहीतर मारूच नका.