हेक्टरी पाचशे शेळ्या

दहावीला मला 58 टक्के पडले, म्हणजे पेढे वाटावेत एवढे पण नाहीत आणि रडावं एवढे कमी पण नाहीत. घरात दोन दिवस खल चालला. आई म्हणाली सायन्स, आप्पा म्हणाले आयटीआय, आणि तिसऱ्या दिवशी आमचे चुलते तात्या चहाला आले आणि कपबशी खाली ठेवायच्या आत माझं सगळं ठरवून मोकळे झाले. "अ‍ॅग्रीचा डिप्लोमा करू दे त्याला. दोन वर्षाचा हाय, मराठीतनं हाय. झाला की खताच्या दुकानाचं लायसन निघतंय, नाक्यावर गाळा बघून ठेवलाय मी." लायसन माझ्या नावावर, गल्ल्यावर कोण बसणार ते काय तात्या बोलले नाहीत, आणि मी पण विचारलं नाही, कारण मला वाटलं चला सुटलो. वाळवा तालुक्यात कृष्णाकाठाला जन्म, दाराबाहेर पाय टाकला की ऊस, आता ह्यात शिकायचं राहिलंय काय?

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर एक शब्द लिहिला. हेक्टर.

आता आमच्याकडं जमीन गुंठ्यात बोलतात. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, आणि भावकीत वाटण्या होऊन होऊन आमच्या वाट्याला आलेले गुंठे पण नेमके 33. चाळीस गुंठ्याचा एकर. पोरगी बघायला गेलं की पोरीचा बाप "एकर किती?" म्हणून विचारतो, हेक्टर किती असं विचारणारा सासरा मला अजून भेटायचाय. हेक्टर आमच्यात फक्त सातबाऱ्यावर असतो, आणि सातबारा असतो ट्रंकेत. पण पुस्तकात सगळं हेक्टरी. बियाणं हेक्टरी, शेणखत हेक्टरी, रोपांची संख्या हेक्टरी. उसाला नत्र लागणीच्या हंगामाप्रमाणं, आडसालीला हेक्टरी 400 किलो, पूर्वहंगामीला 340, सुरूला 250. माझा हॉस्टेलवरचा पार्टनर सांगली शहरातला, त्याच्या सात पिढ्यात कुणी खुरपं धरलेलं नाही, त्याला हे आकडे माझ्या आधी पाठ झाले. कारण त्याच्या डोक्यात आधीचं काही नव्हतंच, माझ्या डोक्यात आप्पा होते.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात हर्बेरियमचं प्रॅक्टिकल लागलं. 25 तणं मुळासकट उपटायची, पेपरात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि खाली शास्त्रीय नाव, कूळ, कुठं सापडलं, कधी सापडलं. तण गोळा करायला मार्क मिळतात हे ऐकून आप्पा इतके खूश झाले की शनिवारी गावाकडं गेल्या गेल्या मला सगळी भांगलणच देऊन टाकली. "पंचवीस कशाला, पंचवीस हजार घे की."

गोळा केली. हरळी, लव्हाळा, माठ, केना, घोळ, कुर्डू, आघाडा, माका, एकदांडी, काँग्रेस. काँग्रेस म्हणजे गाजरगवत, वहीत लिहायचं पार्थेनियम हिस्टेरोफोरस, परदेशी गव्हाबरोबर आलं म्हणतात, आपल्या देशात पहिल्यांदा पुण्यात दिसलं ते 1950 च्या दशकात. हे मी आज्जीला सांगितलं तर ती म्हणाली, "पुण्यातनंच येणार की." पुढं बोलायला मला जागाच ठेवली नाही.

ढीग पडवीत ठेवून मी जुने पेपर मागायला शेजारी गेलो, गप्पात अर्धा तास गेला. परत येतोय तर आज्जी पाय पसरून बसलीय, पुढ्यात सूप, आणि माझं हर्बेरियम निवडतीय. माठ एकीकडं, घोळ एकीकडं, कुर्डूचे शेंडे खुडून तिसरीकडं. मुळं सगळी तोडून अंगणात फेकलेली. 

"आज्जे! तण हाय ती!"

"तण तुझ्या मास्तराला. भाजी हाय. आन् ही हरळी कशाला आणलीयास बुट्टीभर? संकष्टीला दुर्वा लागत्यात, तवा एक आणत न्हाईस." 

तिनं दुर्वा एकवीस मोजून देवापुढं ठेवल्या, आघाडा गौरीला लागतो म्हणून त्यातली दोन बरी झाडं मला परसात परत लावायला लावली, आणि रात्री ताटात डाळ घालून घोळूची भाजी. भाकरीबरोबर अशी लागली की बास. पंचवीस तणांपैकी एकवीस उरली, त्यातलं जे खाण्यासारखं होतं ते सगळं गेलेलं. दुसऱ्या दिवशी परत गेलो रानात.

ह्या घोळीनं पुढं माझा जो छळ मांडला तो सांगायलाच पाहिजे. बाकीची तणं पेपरात घालून गादीखाली टाकली की आठ-दहा दिवसात पापडासारखी होतात. घोळ मरतच नाही. पानं जाड, देठ लालसर आणि गुबगुबीत, सगळं पाणीच पाणी. पाचव्या दिवशी पेपर उघडला तर हिरवीगार, सातव्या दिवशी उघडला तर पिवळं बारीक फूल आलंय, गादीखाली, माझ्या पाठीखाली! दहाव्या दिवशी बोंडं उकलून पेपरभर काळं बी पडलेलं, मोहरीपेक्षा बारीक, आणि ते पार्टनरच्या चादरीत पण गेलेलं. बायका भांगलताना घोळ उपटून बांधावर का टाकतात, सरीत का सोडत नाहीत, हे मला वर्गात नाही, त्या गादीवर कळलं. सरीत सोडली की ती परत मूळ धरते. शेवटी मी तिच्यावर इस्त्री फिरवली. इस्त्री पार्टनरची होती. त्याचा पांढरा शर्ट त्यानंतर कधी पूर्ण पांढरा झाला नाही.

दुसऱ्या वर्षी प्लॉट. प्रत्येकाला कॉलेजच्या फार्मवर 5 मीटर बाय 4 मीटरचा तुकडा, म्हणजे 20 चौरस मीटर, आमच्या गोठ्यापेक्षा जरा मोठा. त्यात सोयाबीन करायचं, पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं स्वतः, आणि वहीत रोजची नोंद. वाण फुले संगम, केडीएस 726. केडीएस म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन, आपल्याच जिल्ह्यातल्या केंद्रात तयार झालेलं, हे सांगताना सरांची छाती जरा फुगायची आणि खरं सांगतो आमची पण. अंतर 45 बाय 5 सेंटिमीटर. त्या हिशोबानं हेक्टरी रोपं बसतात 4,44,444. हा आकडा मी कधी विसरणार नाही, गाडीला घ्यावा असा नंबर आहे. आणि माझ्या प्लॉटात 888. 

888 बिया आम्ही मोजून घेतल्या, गुळाच्या पाण्यात रायझोबियम हे जिवाणू खत कालवून बियांना चोळलं, सावलीत वाळवलं, तिथं मुंग्यांनी हजेरी लावली, त्यांना फुंकून फुंकून हाकललं, आणि मग दोरी धरून, पट्टी लावून, एकेक बी टोकलं. पट्टी लावून! माझा आजा आयुष्यभर पाऊल मोजून पेरत आला आणि त्याचा नातू शाळेतली पट्टी घेऊन रानात उकिडवा बसलेला. सुदैवानं आजा वर होता. फार्मवरचे मामा मात्र खालीच होते, ते बिडी ओढत लांबनं बघत बसायचे आणि काही म्हणायचे नाहीत, त्याचा जास्त त्रास व्हायचा.

सोयाबीन उगवताना आपल्या दोन जाड डाळिंब्या घेऊन वर येतं. होल्या पाखरांना हे आधीच माहीत असतं. सकाळी सातला मी उगवण मोजायला गेलो तर होले माझ्याआधी मोजत होते. राहिली 506. वहीत लिहिलं, उगवण 57 टक्के. दहावीपेक्षा एकानं कमी.

आणि मग श्रावणात एका दुपारी मामांची शेळी सुटली. त्यांच्या घरची एकुलती एक काळी शेळी, खुंट्यासकट आली, आणि अख्खी फार्म सोडून नेमकी माझ्या प्लॉटात. पाचेक मिनिटं असेल फारतर. मी ओरडत धावत पोचेपर्यंत तिनं दोन ओळी साफ केल्या आणि तिसरीचं तोंडी लावणं चाललेलं. आता वरकरणी बघितलं तर एक शेळी, पाच मिनिटं, सोडून द्या. पण आमच्यात सगळं हेक्टरी. माझा प्लॉट 20 चौरस मीटर, हेक्टर म्हणजे 10,000, म्हणजे प्लॉटात जे काय होईल त्याला पाचशेनं गुणायचं. उत्पादन तसंच काढतात, कणसं तशीच मोजतात, मग नुकसान का नको? मी सरळ नोंदवहीत लिहिलं, "दिनांक अमुक, प्रादुर्भाव, शेळ्या, हेक्टरी 500." 

सरांनी तपासताना तिथं थांबून चष्मा वर केला. वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. मग विचारलं, "आर्थिक नुकसानीची पातळी किती धरलीस?" म्हणजे कीड किती झाली की औषध मारायचं तो आकडा. पार्टनर मागनं म्हणाला, "सर, प्लॉटला एक शेळी." माझं नाव त्या दिवसापासून गेलं, पाचशे पडलं. अजून काही पोरं लग्नात भेटली की "काय पाचशे, कसं काय" करतात आणि बायकोला वाटतं मी कुणाचे तरी पैसे बुडवलेत.

मळणीला निघाले 1 किलो 900 ग्रॅम. गुणिले पाचशे, हेक्टरी साडेनऊ क्विंटल. कागदावर एवढं वाईट दिसत नव्हतं.

ह्या सगळ्यात गावाकडची ओपीडी वेगळी. अ‍ॅग्रीला अ‍ॅडमिशन झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पारावरनं हाका. "ये अ‍ॅग्री, हिकडं ये, वांग्याचं शेंडं वाळाय लागल्यात, काय मारू?" आमचं तेव्हा पहिलं युनिट चाललेलं, शेतीचे हंगाम. खरीप, रब्बी, उन्हाळी एवढंच मला येत होतं. मी शेंडा हातात घेऊन उलटसुलट बघायचो, हम्म करायचो आणि "उद्या सरांना विचारून सांगतो" म्हणायचो. सरांनी सांगितलं, शेंडा आणि फळ पोखरणारी अळी, वाळलेले शेंडे अळीसकट खुडून नष्ट करायचे. मी आलो, सांगितलं. ते म्हणाले, "खुडायचं व्हय? ते तर बायको बी म्हणत हुती. औषध सांग की औषध." मग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागले, निम्म्यात पान कमी आणि अंगठा जास्त, खाली लिहिलेलं "काय पडलंय". अंगठ्यावर काय पडलंय ते मी कधी सांगू शकलो नाही.

पण खरा पेपर झाला तो घरीच, दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत. आमचा आडसाली ऊस, 86032 जातीचा, जुलैअखेरीची लागण. आप्पा म्हणाले युरिया आणायचाय, आणि मी म्हटलं थांबा, मी काढून देतो हिशोब. वही, कॅल्क्युलेटर, चटई, सगळं घेऊन अंगणात बसलो. आज्जी, आई, तात्या, सगळे बघायला. तात्यांना तर हे लायसनचंच ट्रेलर वाटत होतं.

हेक्टर म्हणजे 2.47 एकर, एकराचे 40 गुंठे, म्हणजे हेक्टरात साधारण 99 गुंठे. आपलं रान 33. भागलं. आलं 0.334. हेक्टरी 400 किलो नत्र, गुणिले 0.334, 133.6 किलो. युरियात नत्र 46 टक्के, परत भागलं, 290 किलो. पोतं पूर्वी 50 किलोचं होतं, 2018 पासून 45 चं झालंय, हे मी मुद्दाम तात्यांकडं बघून सांगितलं. "सहा पोती आणि वर 20 किलो," मी जाहीर केलं. "सगळ्या हप्त्यांचं मिळून."

आप्पा दाराला टेकून उभे होते. म्हणाले, "तेहतीस म्हंजे नव्व्याण्णवचा तिसरा हिस्सा. त्याला एवढं पान कशाला भरलंस?" 

आज्जी हसली. मी म्हटलं अचूक यायला पाहिजे.

"बरं. लागणीला तीन पोती डीएपी टाकलंय, त्यातलं धरलंस का?"

धरलं नव्हतं. डीएपी म्हणजे 18:46, त्यात नत्र 18 टक्के, 50 किलोच्या पोत्यात 9 किलो नत्र, तीन पोत्यांचं 27. हे मला पाठ होतं, परीक्षेत तीन मार्काला येतं. पण परीक्षेत नत्र द्यायचं म्हणजे युरियातनंच, तिथं लागणीला आधीच डीएपी टाकून बसलेला बाप नसतो. परत वजा केलं, परत भागलं, सगळे थांबलेले, कॅल्क्युलेटरचं बटण अडकलेलं. आलं 231.7. पाच पोती आणि वर सात किलो.

आप्पांनी गोठ्याकडं हात केला. पत्र्याखाली, फळीवर, प्लॅस्टिक झाकून पाच पोती. सकाळीच आणलेली. "इथनं पुढं लिंकिंग लावत्यात म्हणून बेगीन आणली," म्हणाले, म्हणजे युरियाच्या पोत्याबरोबर नको ते बाटलीतलं टॉनिक गळ्यात मारतात ते. तरी एक बाटली आलीच होती, खिडकीत ठेवलेली, पिवळ्या झाकणाची.

"मग मला कशाला बसवलंसा?"

"तूच म्हणालास थांबा." 

तात्यांनी चहा संपवला आणि गाळ्याचा विषय त्या दिवशी काढला नाही.

मला मात्र ते सात किलो सोडवेनात. पाच पोती म्हणजे 225, हिशोबानं सात किलो कमी पडतायत, मी संध्याकाळपर्यंत तेच धरून. शेवटी उसाला मात्रा द्यायला निघालो तर मी बादलीत युरिया घेऊन पहिल्याच सरीच्या तोंडाला उभा, मनात भाग देतोय, एका सरीला किती, एका फुटाला किती, एका बेटाला किती. आप्पा अर्धी सरी टाकून पुढं गेलेले, मुठीतनं बारीक सर सोडल्यासारखा युरिया पडतोय, खाली न बघता. मागं वळले.

"काय झालं रं?"

"हिशोब करतोय."

"हेक्टरी टाकू नगंस," ते म्हणाले, "सरीत टाक."